शेवटच्या पानावरची खाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठरलं! यंदा पाठवायचंच. नाशिकच्या पाणकणीस प्रकाशनाची ‘पहिला कवितासंग्रह’ स्पर्धा. निवडलं तर ते पुस्तक काढतात. आपलं पुस्तक! प्रकाशन म्हणजे काय, तर दोन माणसं आणि एक मांजर – फेसबुकवर तिघांचेही फोटो आहेत. पण पुस्तकं देखणी काढतात. मांजरही देखणं आहे.

नियम वाचून हसू आलं. टाइप केलेल्या तीन प्रती हव्यात, हस्तलिखितावर कुठेही नाव नको, नाव वेगळ्या बंद पाकिटात. म्हणजे महाराष्ट्रातले बाकीचे कवी आता टायपिंगवाला शोधत फिरणार आणि मी स्वतःच टायपिंगवाला! तलासरीत तहसीलसमोर बारा वर्षं बसलोय. जातीचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, वनपट्ट्याचे दावे – लोकांचं सगळं टाइप करून झालं. आता माझं.

मयुराला सांगितलं. ती चिकूच्या चकत्या ड्रायरमध्ये लावत होती. मान वर न करता म्हणाली, पाठवा की, पण घरातली बिलं भरायची आठवण ठेवा. हिला बायको म्हणावं की रिमाइंडर!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज भर ऑफिसात अब्रू गेली. माझी नाही, बाबल्याची. म्हणजे माझीच.

बाबल्याला वीजमीटरचा अर्ज करून दिला होता. आमच्या धंद्यात कोरी फाईल कुणी उघडत नाही. मागच्या गिऱ्हाइकाचा अर्ज उघडायचा, समास-टाइप सगळं जुळलेलं असतं, त्याच्यावरच नवं बडवायचं. वेळ वाचतो. मागचा अर्ज एका शिक्षिकाबाईंचा होता. साहेबांनी बाबल्याला विचारलं, मीटर कळलं, पण तुम्हाला प्रसूती रजा कशाला पाहिजे?

सगळं ऑफिस हसलं म्हणे. बाबल्या पण हसत हसतच परत आला, पासष्टीचा माणूस. नवा अर्ज दिला, चहा पाजला. तरी जाताना म्हणाला, रजा दिली असती तर घेतली असती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

माझं हस्तलिखित तयार! एक्कावन्न कविता. समास झकास, प्रत्येक कविता नव्या पानावर. शेवटी ‘खाडीचं मौन’. ती माझी सर्वात वरच्या दर्जाची. ‘मी अनुवाद करतो खाडीच्या मौनाचा, ज्याची लिपी भरतीने पुसली आहे...’ लिहिली तेव्हा माझेच डोळे भरून आले होते. अशा कवितेने संग्रह संपला की परीक्षकाला पुस्तक मिटताना दोन मिनिटं बसून राहावंच लागेल.

मयुराला मोठ्या हौसेने वाचायला दिली. तिने वाचली, दोनदा वाचली. ‘छान आहे,’ म्हणाली. ‘कळली नाही.’

असो. घरची माणसं परीक्षक नसतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी दुकान बंद करता करता एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. शितल. उधव्याकडच्या पाड्यातली. उंबरगावला प्लास्टिकच्या कंपनीत माल तपासायला असते, कंपनीच्या बसने जा-ये करते. पाठीवरच्या सॅकमधून कागदांचा गठ्ठा काढला. माल तपासण्याच्या चिठ्ठ्या, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं.

मी विचारलं, कसला अर्ज आहे ताई?

‘अर्ज नाय दादा, कविता हायत. नाशिकला पाठवायच्यात. टाइप करून पाहिजेत.’

नाशिकला! मी चेहरा सरळ ठेवला. बी.ए. मराठी केलंय, तलासरीतच. शेवटची तारीख तिला तोंडपाठ, नियमही. म्हणाली, तहसीलसमोरच्या दादाकडे टायपिंग चांगलं होतं असं सगळे सांगतात. आता काय बोलणार? मीही त्याच स्पर्धेत आहे म्हणून तुझं काम घेत नाही, असं सांगू? बारा वर्षांत कुणाला परत पाठवलेलं नाही. घेतलं. आणि मी पण पाठवतोय हे काही बोललो नाही. का बोलायचं? धंदा वेगळा, कविता वेगळी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शितलच्या वीस कविता टाइप झाल्या. रोजच्या सवयीप्रमाणे पटापट. अर्ज टाइप करताना मजकूर डोळ्यातून बोटांत जातो, डोक्यात थांबत नाही. पण अकराव्या कवितेला बोटं थांबली.

‘बस येते तेव्हा चूल विझलेली नसते.
अर्धी मी मागे ठेवते,
अर्धी डब्यात घेऊन जाते.’

इतकीच. संपली. मी खाली आणखी कागद आहे का म्हणून बघितलं.

दुपारभर चिडचिड. एका माणसाचं आधारचं काम चुकवलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तिच्यातल्या काही साध्या आहेत. अगदीच साध्या. परीक्षक लोकांना जरा भारदस्त लागतं. उगाच घाबरतोय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नाही. चांगल्या आहेत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शितलचं काम पूर्ण. आज तिला सुट्टी होती. तिन्ही प्रती काढल्या, स्पायरल केलं. ती बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसली. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं तिच्या गुडघ्यांना अडखळत होती, तिला पत्ता नाही. स्वतःचे शब्द छापील झाले की कसं वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून काही बोललो नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, बरोबर आहे दादा.

तिची तीन पुडकी तिने स्वतःच कुरिअरला दिली. ती शेअरच्या इको गाडीत बसून गेल्यावर मी माझी तीन काढली ड्रॉवरमधून. कुरिअरवाला म्हणाला, नाशिकला आज फार गर्दी. मी म्हटलं, द्राक्षांचा सीझन जवळ आलाय.

सोमवार, १ डिसेंबर

मेलो!

नीट लिहितो. शितलने कालच फोनवर सांगितलं होतं, घरी ठेवायला एक प्रत काढून ठेवा. आज तिची फाईल उघडली. पानं मोजायची म्हणून थेट शेवटी गेलो. शेवटच्या पानावर – खाडीचं मौन!

माझी. तिच्या संग्रहात.

झालं काय, तर तिचं काम सुरू करताना मी हाताला लागली ती, माझीच संग्रहाची फाईल उघडली. समास छान जुळलेले होते ना! दुसऱ्या नावाने सेव्ह केली, वरून एकेक कविता पुसत तिच्या कविता बडवत गेलो. तिच्या पन्नास, माझ्या एक्कावन्न. एक उरली. बाबल्याला प्रसूती रजा, शितलला खाडी.

म्हणजे नाशिकला दोन वेगवेगळ्या हस्तलिखितांत एकच कविता गेली आहे. आणि नियम तिसरा – कविता स्वतःचीच हवी, उचललेली आढळली तर हस्तलिखित बाद आणि त्या व्यक्तीला पुन्हा कधीही प्रवेश नाही. उचललेली! शितलने एक अक्षर उचललेलं नाही. बिचारीने टायपिंगवाल्यावर विश्वास ठेवला.

जेवण गेलं नाही. मयुराने विचारलं, काय बिघडलं? काही नाही म्हटलं. तिने माझ्या ताटातला बोंबील उचलून स्वतःच्या ताटात घेतला. मग सांगावंच लागलं.

मंगळवार, २ डिसेंबर

नाशिकला फोन केला. रिया नावाच्या बाईंनी उचलला, फेसबुकवरच्या दोन माणसांपैकी एक. गोड बोलतात. मी नाव सांगितलं, माझंही हस्तलिखित आहे म्हणालो, पण पुढचं सगळं ‘समजा’ लावून विचारलं. समजा, एकच कविता दोन हस्तलिखितांत निघाली तर?

निघाली तर दोन्ही बाजूला ठेवतो, खुलासा मागवतो, म्हणाल्या. ज्याची असेल त्याचं राहतं, दुसऱ्याचं बाद. मी विचारलं, समजा, टायपिंगची चूक असली आणि एखादं पान बदलायचं असलं तर? तर म्हणे प्रती परीक्षकांकडे गेल्या, आता पान बदलता येत नाही. मागे घ्यायचं तर अख्खं घ्यावं लागतं.

फोन ठेवल्यावर जे डोक्यात आलं ते लिहायची लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय! ज्याची असेल त्याचं राहतं. माझी आहे. चार वर्षांपूर्वीचा कच्चा खर्डा आहे माझ्याकडे. मी नुसता गप्प बसलो, खुलासा मागतील तेव्हा खर्डा पाठवला, की मी सुटलो. आणि जिच्या कवितेला माझी बोटं थांबली होती ती परस्पर स्पर्धेबाहेर. एक शब्द खोटा न बोलता!

बुधवार, ३ डिसेंबर

दिवसभर स्वतःशीच कोर्टकचेरी. खरं काय ते सगळं कळवून टाकलं तर? पण कोण विश्वास ठेवेल? टायपिंगवालाही मीच आणि स्पर्धेतला दुसरा गडीही मीच. दोन्ही हस्तलिखितं एकाच दुकानातून, एकाच टाइपात. मुद्दाम घुसडली म्हणतील. नाहीतर तिनेच उचलली आणि आता मी सावरतोय म्हणतील. परीक्षकाच्या मनात एकदा शंका शिरली की ती पोरीच्या पन्नास कवितांना चिकटणार.

मयुराला म्हटलं, माझं मागे घेतलं तर भानगडच मिटते. दुसरं हस्तलिखितच नाही तर कोण जुळवून बघणार? पण मग खाडीचं मौन तिच्या नावावर जाणार. माझी सगळ्यात चांगली.

‘जाऊ दे की,’ मयुरा म्हणाली. ‘सातबारा नाही ना गेला.’

मला राग आला. बारा वर्षं लोकांचं टाइप करतोय, एक गोष्ट स्वतःची पाठवली, असं बरंच काही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. चिकूच्या चिकाने तिची बोटं काळी झाली होती, ती खोबरेल लावून पुसत होती. मग एवढंच म्हणाली, चूक तुमच्या हातून झाली ना? मग शिक्षा तिच्या नावावर कशाला?

हिच्यापुढे वकील नको.

गुरुवार, ४ डिसेंबर

मेल केला. ‘वैयक्तिक कारणास्तव माझे हस्तलिखित मागे घेत आहे. कृपया प्रती नष्ट कराव्यात.’ रियाबाईंचं लगेच उत्तर – वाईट वाटलं, पुढच्या वर्षी जरूर पाठवा.

फार वाईट वाटतंय. खोटं कशाला लिहू? मोठेपणा केल्यावर छाती फुगते असं ऐकलं होतं, माझी काही फुगली नाही. घोलवडला घरी जाताना, बाईकवर, हेल्मेटच्या आत चक्क रडलो. हेल्मेटचा हा एक फायदा.

रविवार, ७ डिसेंबर

शितल घरची प्रत न्यायला आली. ठरवलं होतं तिला सांगायचंच. मी स्पर्धेत होतो ते नाही, नुसती चूक. सांगितलं – तुझ्या संग्रहात शेवटी एक कविता चुकून माझी राहिली, जुन्या फाईलमधली. माफ कर.

ती म्हणाली, माहीत आहे.

माहीत आहे!! त्या दिवशी बाकावर बसून वाचलं तेव्हाच तिने बघितलं होतं. मी जवळजवळ ओरडलोच, मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथे पान काढलं असतं!

ती गोंधळली. तिला वाटलं मी मुद्दाम घातली. तिची आजी, सुकी नाव तिचं, लग्नात गाणारी होती. बाया मिळून गायच्या, मध्येच कुणी आपली ओळ घालायची. घातलेली ओळ आजी काढायची नाही. काढली तर त्या बाईला उठवून लावल्यासारखं होतं. ‘तुम्ही एवढं सगळं टाइप केलं, म्हणून वाटलं, तुमची पण एक टाकली. मग कशी काढू?’

मी डोक्याला हात लावला. नियम तिसरा माझ्या जिभेवर होता, पण तिचा चेहरा बघून गिळला. इतकं सरळ माणूस स्पर्धेत कशाला उतरतं?

मग न राहवून विचारलंच – कशी वाटली पण? माझी?

जरा विचार केला तिने. म्हणाली, छान आहे दादा. कळली नाय.

गुरुवार, २५ डिसेंबर

सुट्टी. मयुराबरोबर चकत्यांची पाकिटं भरली. कविता वगैरे काही नाही. बरं वाटलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

शितलची निवड झाली!

दुपारी कंपनीतूनच फोन केला, मागे मशीनचा खडखडाट, मला अर्धंच ऐकू येत होतं. नाशिकहून फोन आला, पुस्तक काढणार, एप्रिलमध्ये. मी इतक्या जोरात ‘अरे वा’ म्हणालो की प्रतिज्ञापत्राला आलेली दोन माणसं दचकली. त्यांना पेढे मागवून दिले. त्यांना वाटलं त्यांचंच काम झालं.

आनंद झाला. खराच झाला. मला वाटलं होतं तेवढं टोचलं नाही. थोडं टोचलं.

रविवार, ११ जानेवारी

सकाळी शितल दुकानात आली, मी शटर वर करत होतो तेव्हाच. हसत नव्हती. बाकावर बसली. मी पेढ्यांचा डबा पुढे केला तो तिने बाजूला ठेवला.

नाशिकच्या बाईंचा काल परत फोन आला होता. त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे – शेवटची कविता काढू. बाकी पन्नास वाचताना एक बाई चालताना, कामावर जाताना दिसते. शेवटच्या कवितेत कुणीच दिसत नाही, नुसते शब्द दिसतात. ही तुमची वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. शितलने हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. तिला गाळून सांगणं जमत नाही.

चार वर्षांचा खर्डा. हेल्मेटमधलं रडू. आणि त्या कवितेत कुणीच दिसत नाही!

‘मी सांगितलं, ती आमच्या टायपिंगवाल्या दादाची, चुकून राहिलेली,’ ती म्हणाली. ‘बाईंनी तुमचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, त्यांनी तर त्यांचं मागे घेतलं.’

मी काहीबाही बोललो. वेळ नव्हता, तयारी नव्हती. ती ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, दोन्ही.

‘माझ्यासाठी घेतलंत ना? आणि मला सांगितलं पण नाय.’

मी हो म्हणालो. आणि चूक माझीच होती, हेही म्हणालो. गिऱ्हाइकं आली, मी दोन दाखल्यांची कामं केली, ती तिथेच. उठताना म्हणाली, पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवा.

संध्याकाळी खाडीचं मौन परत वाचली. रियाबाईंचं बरोबर आहे. मी तर खाडीवर कधी फिरकलेलोही नाही. आम्ही चिकूच्या वाडीवाले.

रविवार, १८ जानेवारी

शटर अर्धं खाली. शितल येऊन सरळ माझ्या खुर्चीत बसली, मला बाकावर बसवलं. कोरी फाईल उघडली. बोटं कीबोर्डवर ठेवून म्हणाली, ‘बोला. वाचू नका, बोला.’

लिहायचं म्हटलं की कुठून कुठून शब्द येतात, बोलायचं म्हटलं तर तोंड कोरडं. शेवटी मयुराच्या बोटांचं सांगायला लागलो. चिकाने काळी होतात ती, खोबरेल लावून पुसते, तरी भाकरीला वास राहतो आणि मी ती मुकाट खातो, कारण त्या वासाशिवाय आता मला जेवल्यासारखं वाटत नाही. एवढं बोलून थांबलो. शितल टाइप करत होती. टाइप करून माझ्याकडे बघितलं.

‘पुढं?’ म्हणाली.

सातवीपासून कविता लिहितोय. पुढं काय, असं आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.